पदवीवरचं नाव आणि वर्गातला माणूस

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं तेव्हा त्याच्याकडे शिकवायला एकही वर्ग नव्हता. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते निघालेलं. कॉलेजांना संलग्नता द्यायची, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढंच काम. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पदवी विद्यापीठाची, पण शिकले ते एल्फिन्स्टन कॉलेजात. पुढे विद्यापीठांना स्वतःचे विभाग आले, आवारं आली, ग्रंथालयं आली. तरी बारावीनंतर पदवीला जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांचं गणित आजही तेच आहे. पदवीवर नाव एकाचं असतं आणि वर्गात शिकवणारा दुसऱ्याच संस्थेचा पगारदार असतो.

हे कुणाला माहीत नसतं असं नाही, पण जून उजाडला की विसरायला होतं. ‘पोरीला पुणे विद्यापीठात मिळालं’ असं गावाकडे मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. ती नेमकी कुठल्या बाकावर बसणार आहे, हे त्या वाक्यातून कळत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा कारभार पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांवर चालतो. ती गणेशखिंडीतल्या ४११ एकरांच्या आवारात असेल, फर्ग्युसनसारख्या १८८५ सालच्या स्वायत्त कॉलेजात असेल, किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी, जिथे खालच्या मजल्यावर ज्युनियर कॉलेज आणि वरच्या मजल्यावर डिग्री भरते अशा इमारतीतही असेल. विद्यापीठ तिन्ही ठिकाणी तेच. शिक्षणाचा दर्जा मात्र एका विद्यापीठाच्या दोन कॉलेजांत जेवढा वेगळा असतो, तेवढा कित्येकदा दोन विद्यापीठांतही नसतो.

म्हणून ‘हे विद्यापीठ चांगलं आहे का हो?’ या प्रश्नाला मी अलीकडे उत्तर देत नाही. पदवी कोण देणार, शिकवणार कोण, पेपर कोण काढणार, फी कुणी ठरवली आणि बिनसलं तर दाद कुणाकडे मागायची, एवढं विचारून या, मग बोलू, असं सांगतो. या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा वेगवेगळ्या दारांमागे असतात. माहितीपत्रकात ती एकाच चकचकीत पानावर असल्यासारखी दिसतात, हीच त्यातली मेख आहे.

पाटीवर काय लिहिलंय

आपल्याकडे एकाच शिक्षणसंस्थेच्या एकाच आवारात, एकाच कमानीतून आत गेल्यावर, तीन प्रकारची कॉलेजं असू शकतात. एक इमारत सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न, दुसरी त्याच संस्थेच्या अभिमत विद्यापीठाची, तिसरी राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाची. संस्थापकांचा पुतळा सामाईक, कॅन्टीन सामाईक, बसवरचं नावही जवळपास सारखंच. पण पदवी देणारा, फी ठरवणारा आणि तक्रार ऐकणारा प्रत्येक इमारतीगणिक बदलतो.

सार्वजनिक विद्यापीठं, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूरचं शिवाजी, छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा, गडचिरोलीचं गोंडवाना वगैरे, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली चालतात. अभिमत दर्जा केंद्र सरकार देतं, १९५६ च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, कायद्याच्या कलम ३ खाली. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं जन्माला येतं आणि त्याला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. त्यामुळे कुणी ‘अमुक खासगी विद्यापीठाचं आमच्या शहरात सेंटर आहे, डिग्री त्यांचीच मिळेल’ असं सांगितलं, तर चहा संपवून उठावं.

पाटीवरच्या शब्दाचा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टानं अभिमत संस्थांना नावात नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ लावायला मनाई केली. त्याच निकालानं काही अभिमत संस्थांनी दूरस्थ पद्धतीनं वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवरही टाच आणली. नोकरीला लागून वर्षं झालेली माणसं त्यात सापडली. पोस्टानं पुस्तकं मागवून इंजिनिअर होता येत नाही, हे त्यांना प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

याहून मोठा तमाशा छत्तीसगडात झाला. २००२ साली तिथे खासगी विद्यापीठांचा कायदा आला आणि बघता बघता ११२ विद्यापीठं कागदावर उभी राहिली. कित्येकांकडे इमारत नव्हती, भाड्याच्या खोल्यांत कारभार होता. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कायद्यातल्या स्थापनेच्या तरतुदीच रद्द केल्या. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना राज्यातल्या आधीच्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट ठेवली गेली. तोवर ज्यांनी फी भरली होती त्यांची झोप गेलीच.

यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी संकेतस्थळावर ठेवते. महाराष्ट्राच्या रकान्यात वर्षानुवर्षं नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचं नाव दिसत आलंय. यादी पाहायला दोन मिनिटं लागतात. पण बनावट विद्यापीठाच्या तावडीत सापडणारे थोडे असतात. खऱ्या विद्यापीठाचा परवानगी नसलेला कोर्स घेऊन अडकणारे त्यांच्या कितीतरी पट. विद्यापीठ यूजीसीमान्य असलं तरी वकिलीच्या पदवीला बार कौन्सिलची, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची मान्यता वेगळी लागते. ती नसेल तर पदवी भिंतीवर लावता येते, सनद मिळत नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्सला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची परवानगी हवी, आणि तीही तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेताय त्या सत्रासाठीची. विद्यापीठाच्या नावावर थांबू नका, कोर्सच्या नावापर्यंत जा.

कोर्सच्या नावावरून आठवलं. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्यानं त्यांना सीईटी लावली. पहिल्याच वर्षी प्रतिसाद इतका थंड की सीईटी पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी त्यावर झकास तोडगा काढला. कोर्सचं नावच बदललं. कालचं बीएमएस आज ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ झालं, सीईटीची कटकट गेली. शिकवायचं तेच, बाक तेच. पण उद्या एमबीएला किंवा परदेशात अर्ज करताना गुणपत्रिकेवर ‘बी.कॉम.’ छापलेलं असेल, हे मुलाला आज माहीत असायला हवं की नको?

पैशाची गोष्ट

जूनमधल्या पुण्यातल्या एका शैक्षणिक मेळाव्यात ऐकलेला हा संवाद. स्टॉलवर ब्लेझर घातलेली विशी-बाविशीची मुलगी, समोर धाराशिवकडचे एक गृहस्थ, हातात मुलीच्या कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल.

‘काका, सीट्स भरत आल्यात. टोकन अमाउंट भरून ठेवा, मग निवांत.’

‘कॅपमधनं दुसरीकडं लागलं तर हे पैसे माघारी मिळत्याल का?’

‘ते अकाउंट्सला विचारावं लागेल, काका.’

‘आन् मुलींची फी माफ झालीय म्हणं सरकारनं?’

‘हो ना, ती आहेच की!’

शेवटचं उत्तर चुकीचं होतं. त्या मुलीला ते ठाऊक असेलच असं नाही. स्टॉल एका खासगी विद्यापीठाचा होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं, हे खरं. पण केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतला असेल तर. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेली जागाही त्यात बसत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचं असंच आहे. एका कमानीच्या डाव्या इमारतीत जी मुलगी जवळपास फुकट शिकेल, तिला उजव्या इमारतीत पूर्ण फी भरावी लागेल. विद्यापीठ निवडताना मध्यमवर्गीय आणि शेतकरी घरांसाठी याहून महत्त्वाची माहिती मला तरी दुसरी दिसत नाही, आणि कुठल्याच माहितीपत्रकात ती ठळक अक्षरांत छापलेली मी पाहिलेली नाही.

विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. २०१५ चा कायदा आहे त्यासाठी. कॉलेजनिहाय मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या फीचा हिशेब तिथे सापडत नाही, कारण ती त्या चौकटीबाहेर आहेत. तिथे पहिल्या वर्षाची फी विचारून भागत नाही. चारही वर्षांची लेखी मागावी, दरवर्षी किती टक्के वाढणार तेही त्यातच लिहून घ्यावं.

आणि पावती नीट वाचावी. साध्या बी.ए., बी.एस्सी.च्या पावतीतही शिक्षण शुल्काखाली एक लांबलचक शेपूट असतं: प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, पात्रता शुल्क, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन निधी, विमा, अनामत. मधेच ‘अश्वमेध’ दिसतं आणि पालक दचकतात. ती राज्यातल्या विद्यापीठांची आंतरविद्यापीठ क्रीडा स्पर्धा, घोडा कुणाचा सुटत नाही. या रकमा छोट्या असतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नजर ठेवायची ती ‘इतर’, ‘डेव्हलपमेंट’, ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट’ अशा मोठ्या आणि मोघम रकान्यांवर. पावती न देता घेतलेल्या रकमेबद्दल तर बोलायलाच नको. कॅपिटेशन फीला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. ती घेतली जाते की नाही, हे वाचकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

टोकनचं काय? प्रवेश रद्द केला तर फी परत देण्याबाबत यूजीसी दरवर्षी मुदती जाहीर करते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीचा परतावा, असं होतं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायलाही कॉलेजांना मनाई आहे, २०१८ पासून. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला काउंटरपलीकडे अडकला की मुलगा तिथेच अडकतो, हे ओळखूनच तो नियम आला. काउंटरवर ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ असं ऐकायला मिळतं. नियमाची छापील प्रत खिशात असली की पद्धत बदलते, असा माझा अनुभव आहे.

एक कोष्टक आणि एक अहवाल

‘नॅक ए प्लस प्लस’ हा शब्दप्रयोग आता एसटी स्टँडच्या होर्डिंगपर्यंत पोचलाय. नॅक ही १९९४ साली स्थापन झालेली, बंगळुरूत मुख्यालय असलेली मूल्यांकन संस्था. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली ३.६५ गुण आणि ए प्लस प्लस श्रेणी मिळाली. ती श्रेणी विद्यापीठाची. त्याला संलग्न असलेल्या पालघर किंवा सिंधुदुर्गातल्या कॉलेजची श्रेणी वेगळी असते आणि कधी कधी नसतेच. शिवाय श्रेणीला मुदत असते, साधारण पाच वर्षांची. होर्डिंगवर मुदत छापत नाहीत.

श्रेणीवर डोळे मिटून विसंबावं असे दिवसही राहिले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या मूल्यांकनात लाच दिल्याघेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. म्हणून नॅक निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. उलट नॅकनं एक फार उपयोगी गोष्ट जाहीर केलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. तपासणी समितीचा अहवाल. इंग्रजीत, पंधरा-वीस पानांचा, बराचसा साचेबद्ध. पहिली पानं सोडून द्या. शेवटाकडे संस्थेची बलस्थानं, उणिवा, संधी आणि आव्हानं असा भाग असतो, त्याखाली शिफारशी. उणिवांचा परिच्छेद वाचा. ‘पूर्णवेळ शिक्षकांची संख्या वाढवावी’, ‘वसतिगृहाची सोय नाही’, ‘संशोधन अपुरं’ असं तिथे सभ्य भाषेत लिहिलेलं सापडतं. सभ्य भाषेतला हा ठपका कॉलेजनं स्वतःच्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो, कारण ठेवावाच लागतो.

दुसरा कागद एनआयआरएफचा. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून निघते. अध्यापन आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३० टक्के, विद्यार्थ्यांची निष्पत्ती २० टक्के, सर्वसमावेशकता १० टक्के आणि लोकमत १० टक्के, असे विद्यापीठांच्या यादीतले भारांश. माहिती संस्थांनी स्वतः भरलेली असते. क्रमांक कितवा याला मी फारसं महत्त्व देत नाही. पदवीच्या मुलाला संशोधनाच्या ३० टक्क्यांचा थेट फायदा किती, हा प्रश्नच आहे. पण क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, आणि त्या पीडीएफमध्ये एक कोष्टक असतं. पदवीच्या एका तुकडीचं ते चरित्रच म्हणायचं. मंजूर जागा किती, प्रवेश किती झाले, ठरलेल्या वेळेत किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, पुढच्या शिक्षणाला किती गेले.

समजा मंजूर जागा १२०, प्रवेश ११०, वेळेत पास ७०, नोकरी २८, मध्यक ३ लाख २० हजार. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत. आता होर्डिंग आठवा: ‘४२ लाखांचं पॅकेज!’ ते खोटं असेलच असं नाही. एका मुलाला मिळालं असेल. मध्यक सांगतो की नोकरी लागलेल्या २८ जणांपैकी निम्म्यांना ३ लाख २० हजार किंवा त्याहून कमी मिळाले. आणि ११० मधले ४० वेळेत पासच झाले नाहीत, हे होर्डिंग कधीच सांगणार नाही. हा ‘वेळेत पास’चा रकाना माझ्या मते अख्ख्या कागदातला सर्वांत प्रामाणिक. इंजिनिअरिंगला मूल पाठवणाऱ्या प्रत्येक घरानं मागच्या तीन वर्षांचा तो आकडा शेजारी शेजारी मांडून पाहावा.

कट-ऑफच्या याद्याही अशाच वाचायच्या असतात. इंजिनिअरिंगच्या कॅप यादीत खुल्या प्रवर्गासाठी ‘जीओपनएच’ आणि ‘जीओपनओ’ असे वेगळे रकाने दिसतात. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली ते तुमचं होम. लातूरच्या मुलाचं होम नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. पुण्याच्या कॉलेजात त्यानं पुण्याच्या मुलांचा रकाना पाहून हिशेब केला तर फसगत ठरलेली. बऱ्याच कॉलेजांत बाहेरच्यांच्या वाट्याला कमी जागा असतात. उलट ज्या रकान्यापुढे ‘एस’ असतो त्या राज्यस्तरावरच्या जागा, तिथे लातूर आणि पुणे सारखेच. दरवर्षी गावाकडून येणाऱ्या हुशार मुलांचे पसंतीक्रम या एका अक्षरापायी बिघडतात.

वर्गातला माणूस

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांमध्ये ‘तासिका तत्त्वावर’ काम करणाऱ्यांची मोठी फौज आहे. सीएचबी म्हणतात त्याला. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टीत काही नाही. नेट, सेट, पीएच.डी. झालेली ही माणसं सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास घेतात. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडते, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, विद्यापीठांचे स्वतःचे विभागही त्यातून सुटलेले नाहीत. यात त्या शिक्षकांचा दोष नाही. त्यांच्यातले काही जण कायम प्राध्यापकांपेक्षा जीव ओतून शिकवतात. पण पहिल्या वर्षी गणित शिकवणारे सर दुसऱ्या वर्षी दिसलेच नाहीत, प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडम मध्येच दुसरीकडे लागल्या, याची किंमत विद्यार्थी मोजतात.

म्हणून कॉलेजच्या संकेतस्थळावरची प्राध्यापकांची यादी घेऊन एका विषयापुरती तरी खातरजमा करावी. यातले विद्यापीठाची मान्यता असलेले, पूर्णवेळ किती? एलआयसी, म्हणजे विद्यापीठाची तपासणी समिती, यायच्या दिवशी काही ठिकाणी स्टाफरूम अचानक भरलेली दिसते, असं मास्तर मंडळी आपसांत हसून सांगतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, ‘मागच्या सेमिस्टरला या विषयाचे तास किती झाले?’ मुलं खोटं बोलत नाहीत, फार तर अतिशयोक्ती करतात.

विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची गोष्ट वेगळी. तिथे विद्यापीठाचं नाव खरोखर वर्गातल्या माणसाला लागू पडतं. पुण्याच्या ललित कला केंद्रात, संभाजीनगरच्या नाट्यशास्त्र विभागात किंवा रानडे इन्स्टिट्यूटच्या पत्रकारितेच्या वर्गात जाणारा मुलगा क्रमवारी पाहून जात नाही. कोण शिकवतं आणि तिथून कोण बाहेर पडलं, ते पाहून जातो. जिला आपण आज आयसीटी म्हणतो ती रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था मुंबई विद्यापीठाचा एक विभागच होती, यूडीसीटी. तिची कीर्ती मुंबई विद्यापीठाच्या कीर्तीवर कधीच अवलंबून नव्हती. पदव्युत्तर शिक्षणासाठी तर माझा सल्ला ठाम आहे: विभाग निवडा, विद्यापीठ आपोआप ठरेल.

परीक्षेचं मात्र उलट आहे. संलग्न कॉलेज कितीही चांगलं असलं तरी पेपर आणि निकाल विद्यापीठाच्या हातात. कायद्यात लिहिलंय की निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत लावायचा, फार तर ४५. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय पुरेशी तयारी न करता घेतला. लाखो उत्तरपत्रिका, प्राध्यापकांना प्रशिक्षण नाही, यंत्रणा अडखळतेय. जुलै गेला, ऑगस्ट गेला, निकाल येतच राहिले. परदेशात प्रवेश मिळालेल्यांच्या जागा धोक्यात आल्या, इथल्या पदव्युत्तर प्रवेशांचं वेळापत्रक कोलमडलं. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. मुलांचे महिने काही परत आले नाहीत. तेव्हा ज्यांना पदवीनंतर लगेच बाहेर जायचंय त्यांनी विद्यापीठाचे मागच्या दोन-तीन वर्षांचे निकाल कधी लागले, पुनर्मूल्यांकनाला किती वेळ गेला, ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत मिळते, एवढं आधीच विचारून ठेवावं. स्वायत्त कॉलेजं परीक्षा स्वतः घेतात, त्यामुळे तिथले निकाल बहुधा वेळेवर लागतात. पण मग पेपर काढणारा आणि तपासणारा तोच, म्हणून गुणांची खैरातही होऊ शकते. दोन्ही बाजू आहेत.

राहण्याबद्दल थोडक्यात. ‘वसतिगृह उपलब्ध’ म्हणजे तुम्हाला उपलब्ध असं नव्हे. पुण्यात वसतिगृहात नंबर न लागलेला मुलगा ओळखीच्या खोलीत चोरून राहतो, त्याला तिथली मुलं ‘पॅरासाइट’ म्हणतात. बाकीचे पेठांमध्ये कॉट बेसिसवर. एका खोलीत चार-पाच कॉट, भाडं खोलीचं नाही, कॉटचं. मेस वेगळी, अभ्यासिका वेगळी. हा खर्च तीन-चार वर्षांत कॉलेजच्या फीलाही मागे टाकतो, आणि त्याला कुठलीही फीमाफी लागू नाही. त्यामुळे गावाजवळचं बरं कॉलेज आणि पुण्यातलं सुमार कॉलेज यांत निवड करायची असेल, तर मी गावाजवळचं घ्या म्हणेन. यावर पुण्यातले मित्र माझ्याशी भांडतात.

तक्रारीची दारं आता आहेत. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठासाठी लोकपाल नेमणं बंधनकारक आहे. रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२. लोकपालाचं नाव संकेतस्थळावर आहे का, एवढं पाहिलं तरी संस्था नियम किती मनावर घेते याचा अंदाज येतो. सार्वजनिक विद्यापीठ असेल तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांच्या अर्जात रिक्त पदांचा आकडा मागता येतो.

ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे त्यांना एवढंच सांगणं. दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेजं पुन्हा भरतात. जूनमध्ये मेळावे असतात, तेव्हा सगळे गोड बोलतात. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी दुपारी, मधल्या सुट्टीनंतर, मुलाला किंवा मुलीला घेऊन त्या कॉलेजात जा. तास चालू आहेत का पाहा, ग्रंथालयात बसायला जागा आहे का पाहा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलू द्या त्यांना, तुम्ही जरा लांब उभे राहा. येताना फीचं चार वर्षांचं कोष्टक लेखी मागा. देत नसतील, तर अर्ज दुसरीकडे करा.